काम मागितलं नाही

ताई, तुला आणि भाऊजींना नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं.

लिफ्टदुरुस्तीचं काम न मागता मी ज्या इमारतीत वर्षभर नुसती विचारपूस करायला जातो आणि त्यावरून तू ओरडतेस, तिथली लिफ्ट आज अधांतरी अडकली. आत व्यवस्थापकबाईंची आई होती. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीचा माणूस फोन उचलेना, म्हणून बाईंनी मला बोलावलं.

"गुदमरतंय गं," आजी आतून म्हणाल्या.

"तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी," असं बाईंना सांगून मी वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत धावलो आणि तिथलं चाक हातानेच फिरवून लिफ्ट खाली घेतली. घामाने हात निसटत होते.

आजी सुखरूप बाहेर आल्या. "यापुढे आमचं काम तुम्हीच बघा," बाई रडत म्हणाल्या.

"आधी आईंजवळ बसा. कामाचं नंतर बघू."

रागावू नकोस. त्या वेळी कामाच्या करारावर सही मागायला जीभच रेटली नाही.

बाळाचा ताप उतरला का?

तुझा धाकटा