विहिरीच्या धड्यापर्यंत

पप्पा, तुमचं पुस्तक मी देऊन टाकलं. तांदळाच्या डब्यामागे असायचं ते. आजोबांचं, कव्हर नसलेलं, पहिलीचं. तुम्ही गेल्यावरही मम्मीने ते हलवलं नव्हतं. डबा घासायला काढायची, पुस्तक पुसायची, परत मागे ठेवायची. अकरा वर्षं. मी ते एका दुपारी तिला न विचारता पिशवीत टाकलं आणि बदलापूरला घेऊन गेलो, एका मुलीसाठी. तुमच्यापासून आता काय लपवायचं.

बदलापूरला एक इतिहास मंडळ आहे. मंडळ म्हणजे काय, तर एका रिटायर सरांच्या घराची पुढची खोली, तीन लोखंडी कपाटं आणि चार-पाच माणसं. पूर्वीच्या शाळांतली पुस्तकं गोळा करतात. अंकलिप्या, वाचनाची, उजळणीची, कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या रद्दीतून. फाटक्या पानांना पातळ कागद लावतात, आणि प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड करतात. ती मुलगी शिरगावची, दर रविवारी कार्डं लिहायला येते. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या इथल्या कॅम्प तीनच्या रद्दीवाल्याकडे. नाकाला ओढणी बांधून गठ्ठे उपसत होती, आणि रद्दीवाल्याशी भावावरून असली भांडत होती की मी रिक्षा सोडून दिली. त्या दिवसापासून माझं काही खरं नाही, मीही जुनी पुस्तकं शोधून मंडळात नेऊन द्यायला लागलो. कॉलेज मी सेकंड इयरलाच सोडलं. भर वर्गात एका सरांशी वाजलं, बॅग उचलली, निघालो. आता जीन्सच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. सेठ हसतो. "पढ़ाई छोड़ दी और अब किताबें ढोता है? सीधा लड़की का नाम बोल ना।"

पुस्तक मंडळाच्या सरांनी डोळ्यांजवळ धरून बघितलं. म्हणाले, "अरे, आपल्याकडच्या सगळ्यांपेक्षा जुनं दिसतंय हे." ती वाकून बघायला लागली. "कुठे मिळालं रे तुला?" मी म्हणालो, "रद्दीत." तिचे वडील शाळेत हेडमास्तर. माझे वडील एमआयडीसीत वॉचमन होते आणि चाळिशी उलटल्यावर या पुस्तकात अक्षरं गिरवत होते, हे माझ्या तोंडातून निघेना. मग माझ्या लक्षात आलं की समासात सगळीकडे तुम्हीच आहात. ती पानं उलटणार आणि विचारणार, हे कोण? मी पुस्तक तिच्या हातातून जवळजवळ ओढलंच. "घाण आहे अजून. साफ करून आणतो."

दोन दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, कारखान्यातल्या कटिंगच्या टेबलावर बसून मी तुम्हाला खोडलं. गेट. गाडी. चहा. शिफ्ट. साहेब आले. गेट उघड. प्रत्येक धड्याखाली तुमची मोठी मोठी अक्षरं, डोक्यावरची रेघ एका बाजूला उतरलेली. रबराचा चुरा निळ्या पँटींवर पडत होता आणि मी तो झटकत होतो. विहिरीच्या धड्यापर्यंत आलो आणि पुढची पानं कोरी निघाली. बरं वाटलं मला. अर्धं काम वाचलं.

रविवारी तिने पुस्तक उघडलं आणि तिचा चेहराच पडला. "इथे पेन्सिलीचं लिहिलेलं होतं ना? कुठे गेलं?"

"साफ केलं."

"अरे वेडा आहेस का तू? तेच तर हवं होतं! छापलेलं पुस्तक दुसरीकडे पण मिळेल. त्यातून कोण शिकलं, ते कुठे मिळणार?"

माझं डोकं सरकलं. "मग 'खोडू नका' अशी पाटी लावायची ना दारावर! आणून पण आम्हीच द्यायचं आणि ऐकून पण आम्हीच घ्यायचं?" मी चपला घालायला लागलो. सर उठले, खिडकी लावली, मोबाईलचा टॉर्च पानाच्या कडेला आडवा धरला. आणि पप्पा, तुम्ही वर आलात. तुम्ही पेन्सिल अशी दाबायचात की टोक मोडायचं. खोडलेल्या प्रत्येक अक्षराचा खळगा कागदात तसाच होता, सावली धरून. ती वाचायला लागली. नीट दिसत नव्हतं म्हणून एकेक अक्षर सुटं करून, अडखळत. "सा... हे... ब... आ... ले..." हुबेहूब तुमच्या चालीत. माझा एक पाय चपलेत, एक बाहेर.

मी सहावीत आहे. शाळा लवकर सुटलीय, मित्राला घेऊन घरी आलोय. मम्मी कॅम्प तीनला जीन्सचे धागे कापायला गेलीय. तुम्ही नाईट करून आलात, खाकी शर्ट अजून अंगात, स्वयंपाकघरात जमिनीवर बसून बोट ठेवून वाचताय. "वि... ही... र..." मित्र फिस्सकन हसतो. मला त्याच्यासमोर इतकी लाज वाटते की मी त्याच्याहून मोठ्याने हसतो. "पप्पा, बालवाडीत ॲडमिशन घ्या. डबा मी आणून देईन." तुम्ही रागावत नाही. तुम्हीही हसता. पुस्तक मिटता, डब्यामागे सरकवता, उठता आणि म्हणता, "चहा घेता का रे पोरांनो?" आजोबा गेले तेव्हा तुम्ही सहा वर्षांचे होतात, शाळेऐवजी वीटभट्टीवर गेलात, हे मला मम्मीने नंतर सांगितलं. ते पुस्तक मी तुमच्या हातात परत कधी पाहिलं नाही. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात.

मी चप्पल काढली. म्हणालो, "माझे वडील होते." तिने कोरं कार्ड घेतलं. काय करायचे, कधी वाचायचे, सगळं विचारून लिहीत गेली. मग विहिरीचा धडा उघडला, पुढचं पान टॉर्चखाली धरलं. सपाट. "इथेच का थांबले रे?"

मी म्हणालो, "ड्युटी बदलली." तिने तेही लिहिलं, सुंदर अक्षरात.

तेव्हापासून कारखान्यात कोरं लेबल हातात आलं तरी मी ते उजेडात आडवं धरून बघतो. मम्मीने अजून काही विचारलेलं नाही. डबा काढते, मागची रिकामी जागा पुसते, डबा ठेवते. हे पत्र तुमच्या पुस्तकात ठेवणार होतो, पण मंडळात पुस्तकात काही ठेवू देत नाहीत. डब्यामागे ठेवलं तर तिच्या हाताला लागेल. म्हणून खिशातच घेऊन फिरतोय.

ड्युटी बदलली नव्हती, पप्पा. मंडळाच्या खोलीत शाई चालत नाही, कार्डंसुद्धा पेन्सिलनेच लिहितात. तीन रविवार झाले, ते कार्ड माझ्यासमोर असतं आणि रबर याच खिशात असतं. ती ओळ मी खोडलेली नाही.