केशरबाईला दगड द्यावा की पट्टा

मी, व्यंकटी सटवाजी गडदे, वय वर्षे बावन्न, राहणार राणीसावरगाव, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी, हे पूर्ण शुद्धीवर असताना लिहितो. खोकला आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. एका कलमापुरतं नाही, ते पुढं येईल. कोणाची जबरदस्ती नाही. माझ्या पश्चात खालीलप्रमाणे व्हावे.

कलम १. राहते घर पत्नी भिवराबाई हिचे. ती आहे तोवर मुलगा अंगद याने वाटणीची भाषा काढू नये. नंतर घर त्याचे. मेंढरं व माळाचं शेतही त्याचेच.

कलम २. मी बनवलेली पहिली सुरी शेजारी आप्पाराव यांस द्यावी. "मेंढरामागचा माणूस अन् सुऱ्या करतो म्हणं! काकडीबी कापायची न्हाई," असं ते भर बाजारात बोलले होते. सुरी काकडीवरच चालवावी, बोट सांभाळावे. पाती करणं मला कोणीही शिकवलेलं नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

कलम ३. विधवा मुलगी केशरबाई माहेरी आहे. दीर तिला ऊस तोडायच्या टोळीत न्यायला बघतो. तिला जायचं नाही. ती माझ्याजवळ सुऱ्या करायला शिकते. पहिलीच पाती बिघडली तर गिऱ्हाईक फिरकणार नाही आणि टोळी चुकणार नाही. म्हणून पातं घासायला तिला काय द्यावं, हाच खरा प्रश्न. माझ्याकडे दोन वस्तू आहेत. परभणीहून आणलेला साणेचा दगड महाग, जड. फिरवायला दुसरा माणूस लागतो, आणि नवख्याचा हात हलला की पात्यात खड्डा. दुसरं यंत्र मी यंदाच स्वतः बनवलं: जुन्या शिवणयंत्राचा पायाने दाबायचा पायटा, वर दोन लाकडी चाकं, त्यांवर फिरणारा जाड कापडी पट्टा, पट्ट्यावर सरसाने चिकटवलेली कुरुंद दगडाची भुकटी. स्वस्त, एकट्याने चालतं, पातं तापत नाही, त्यामुळे पोलादाचं पाणी उतरत नाही, धार टिकते. नवख्याला हेच, असं मी सर्वांना सांगत होतो. पण दसऱ्यापासून पट्टा घसरतो. चाकं काढून बघितली, पट्टा ताणला, आस बदलला. काही कळेना. सबब यंत्र निकामी समजून केशरबाईला दगड द्यावा.

कलम ४. कलम ३ रद्द. दगड फिरवणार कोण? अंगद म्हणतो, "मी मेंढरं हिंडवू का दगड?" बरोबर आहे. यंत्रच द्यावं.

कलम ५. कलम ४ बद्दल खात्री राहिली नाही. घसरतं यंत्र लेकीच्या गळ्यात कसं बांधावं? विजेचं घ्यावं तर गावात वीज नाही.

परवा इथवर लिहून बसलो असता केशरबाई मागं येऊन म्हणाली, "आबा, काय लिवायलाव?"

सांगितलं.

"खंडेनवमीला यंत्राची पूजा कुणी केली?"

"मीच. सगळ्या हत्यारांची करतो तशी."

"शेंदूर कशात कालवला?"

"तेलात. आणखी कशात कालवतात?"

"अन् लावला कुठं?"

"पट्ट्यावर. घासतो तो, मान त्याचा."

"मग घसरंल न्हाई तर काय करंल! देव खूश हाय, पट्टा न्हाई."

भिवराबाई आतून हसली. मी हसलो नाही.

केशरबाईने पट्टा टाकून दिला, चाकं राखेने घासली, नवा पट्टा शिवून सरस-भुकटी लावून वाळवला. आज सकाळी चालवला. घसरला नाही.

कलम ६, शेवटचे. कलम ३ ते ५ रद्द. खोडत नाही, कारण खाडाखोडीचा कागद कोर्टात चालत नाही असं ऐकून आहे. यंत्र, ऐरण, हातोडे, भुकटी केशरबाईची; दिराचा वा अंगदचा हक्क नाही. दगड अंगदने विकावा. खंडेनवमीला हळदकुंकू यंत्राच्या लाकडी पायाला लावावं. तेल बिलकुल नाही. बाकी हत्यारांना जन्मभर तेल लावलं, त्यांचं भलंच झालं; मग याचंच वाईट का झालं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. तिला उमगलं आहे, पुरे.

या कलमापासून लिहायचा बोरू नवा आहे. केशरबाईने आज घासलेल्या तिच्या पहिल्या सुरीने तो तासला. सुरीची धार कळावी म्हणून वरचं अक्षर व हे अक्षर साक्षीदारांनी ताडून पाहावं, मगच सह्या कराव्या.

मुक्काम राणीसावरगाव, तारीख ९ डिसेंबर १९५७
व्यंकटी सटवाजी गडदे, सही दस्तुरखुद्द

साक्षीदार:
१. बन्सीधर माणिकराव, सही. ताडून पाहिले.
२. राधाकिशन आबाजी, निशाणी अंगठा. वाचता येत नाही, पण खालची रेघ बारीक आहे, असे सांगितले.