पुसलेला क्लॅरिनेट

४ नोव्हेंबर, सोमवार
वडनेर भोलजीत पोचलो. नांदुऱ्याला रेल्वेतून उतरून एसटीने आलो, कीबोर्ड मांडीवर घेऊन. पुण्यातल्या ऑर्केस्ट्राने मला काढलं असं कुणी सांगेल. खरं म्हणजे माझे कान त्यांना झेपले नाहीत. वाजवणं आणि रेकॉर्डिंग, दोन्ही मी गुरू न करता फोनवर व्हिडिओ बघून शिकलो, आणि गुरू केलेल्यांपेक्षा बरा शिकलो. स्टुडिओसाठी घेतलेली खोली झकास आहे. गावाच्या टोकाला, पूर्वीचं बियाण्यांचं गोदाम, भिंती जाड. घरमालकीण सोजराबाईंनी विचारलं, ‘शिवमभाऊ, भिंतीले गाद्या काऊन लावून राह्यले?’ आवाज घुमू नये म्हणून, असं समजावलं. जाताना मला एक रग देऊन गेल्या, थंडी वाजत असेल म्हणून. असे लोक.

७ नोव्हेंबर, गुरुवार
पहिलं काम. रहेमतुल्लाभाईंची बँड पार्टी. लग्नसराई तोंडावर आहे, गिऱ्हाइकांना फोनवर पाठवायला त्यांना चार गाणी हवीत. अकरा माणसं, अकरा सूर. सगळ्यांत भयंकर क्लॅरिनेटवाले इंद्रभान, वय एकाहत्तर. म्हणे गुरं चारता चारता ऐकून ऐकून शिकले. ते ऐकू येतच होतं. दुसरं गाणं मध्येच थांबवून मी सर्वांसमोर सांगितलं की यांचा माईक वेगळा आहे, एक बटण दाबलं की हे इथे नव्हतेच. कुणी हसलं नाही. म्हातारा म्हणाला, आयकव. त्याच्याशिवायचं गाणं त्याने हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन जपून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ‘बेसच झालं. पण मी तं होतो ना इथं.’
संध्याकाळी त्याचा मूळ ट्रॅकच पुसून टाकला. कचरा कोण सांभाळतं.

११ नोव्हेंबर, सोमवार
इंद्रभान काल सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या गेला. मातीला गेलो नाही, काम होतं. रेकॉर्डिंगच्या दिवसापासून त्याने क्लॅरिनेटला हात लावला नव्हता, असं सोजराबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. एकाहत्तराव्या वर्षी माणसं मरतात. इथे त्यालाही कारण लागतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार
सोजराबाईंच्या नातीचं, समीक्षाचं, भजन रेकॉर्ड केलं. दुपार, दार बंद, खोलीत आम्ही दोघंच. ऐकताना तिच्या मागे बारीक क्लॅरिनेट. आवाजावरून अंतर मला नेमकं कळतं: दाराबाहेर, चाळीसेक फूट. कुठेतरी मिरवणूक असेल. सोजराबाई म्हणतात, गावात आज लग्न नाही. त्यांच्या कानांचं काय सांगावं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
समीक्षाला परत गायला लावलं. क्लॅरिनेट आहे. दहा फूट. म्हणजे दाराच्या आत. गाताना आम्हा दोघांना काहीच ऐकू आलं नव्हतं. वायरिंग तपासली. या गावची वीजच भिकार.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
रहेमतुल्लाभाईंनी जवळजवळ ओढतच इंद्रभानच्या घरी नेलं. त्याची बायको सत्यभामाबाई दारातच बसली होती. त्याचं वाजवणं आयुष्यात एकदाच रेकॉर्ड झालं होतं, माझ्याकडे. तेवढं तिला ऐकायचं होतं. पुसलं, म्हणालो. ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. शांतपणे म्हणाली, ‘मंग तो तुह्याजौळच राह्यला असन.’
अडाणी बाई. तरी घरी आल्यावर दार आतून लावून घेतलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार
एकट्याने माईक तपासला. एक, दोन, तीन म्हणालो. ऐकलं. क्लॅरिनेट वीतभर अंतरावर. मी श्वास घेतो तिथेच तोही घेतो.
पुन्हा केलं. आता अंतरच नाही. माझे आकडेही नाहीत — एक, दोन, तीन वाजवलेले आहेत. बेसूर. तसेच बेसूर.

१७ नोव्हेंबर, सकाळ
सामान टाकून एसटीत बसलो. कंडक्टरने कुठं जायचं विचारलं. नांदुरा म्हणालो. सगळी गाडी वळून बघायला लागली. पुन्हा म्हणालो. तो म्हणाला, बाबा, वाजवणं बंद करा, तिकीट सांगा — माझे हात रिकामे होते. ते त्यालाही दिसले. त्याने घंटी मारून मला उतरवलं —

दुपार
सोजराबाई भाजी घेऊन आल्या. दार उघडून मी सगळं सांगायला लागलो. भांडं तिथेच टाकून पळाल्या —
ओरडू नये. ओरडलं की तार सप्तकात —

चार वाजले
बाहेर लोक जमलेत. रहेमतुल्लाभाई दाराशी. मी आतून हाक मारली, वाचवा म्हणालो, मराठीत म्हणालो, मला माहीत आहे मी काय म्हणालो —
ते रडतायत. म्हणतात, ‘इंद्रभानभाऊ, बस करा आता.’
हात अजून माझा आहे. लिहून दाराखालून सरकवतो. मी तो नाही. मी पुण्याचा, माझं नाव इंद्रभा