शिमगा डबल फास्ट आणि माझा सिनेमा

१५ जानेवारी
मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या विचारी बंधू-भगिनींनो! तुमचे-माझे दुःख एकच आहे. आपल्याला कोणी बोलणे पूर्ण करू देत नाही. (वही खासगी आहे, वाचणारा मीच. पण समोर समुदाय असल्याशिवाय मला लिहिता येत नाही.) म्हसा गावच्या जत्रेत चौथ्या मिनिटाला माझा माइक काढून घेतला. कारण काय, तर कोणाचा तरी रेडा सुटला होता, त्याची अनाउन्समेंट. रेडा सापडला. विचार गेला.

पण तेवढे भाषण मुंबईच्या एका फिल्म डायरेक्टरने ऐकले. म्हणाला, असा आवाज वर्षभर शोधतोय. ॲनिमेशन फिल्म. फक्त प्रौढांसाठी, म्हणजे विचाराने प्रौढ असलेल्यांसाठी. मला मेन कॅरेक्टर. फिल्मचे नाव 'खुंटा'. रूपक उघड आहे, व्यवस्थेला बांधलेला समाज.

नम्रताला सांगितले. बायको असूनही म्हणाली, "बरं झालं. येताना दळण आणा."

२ फेब्रुवारी
मुंबईत रेकॉर्डिंग. डायरेक्टर सारखा म्हणत होता, "सर, अजून." आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी 'अजून' म्हणाले. शेवटी एक लांब किंकाळी मागितली. हुतात्म्याची असणार. दिली. काचेपलीकडची पोरे खाली वाकली, खांदे हलत होते. रडत असावीत.

१० फेब्रुवारी
डोळखांबहून मेहुणा साईनाथ आला. डीजेवाला. होळीसाठी गाण्यांचा अल्बम काढतोय. नाव 'शिमगा डबल फास्ट'. नावातच ऱ्हास. "दाजी, ताईचा आवाज लय भारी हाय. एक गाणं गाऊ द्या." मी संस्कृतीच्या अधोगतीवर दोन शब्द बोललो. मध्ये चहा झाला, नंतर जेवण झाले.

मग नम्रता बोलली. लग्नाला अठरा वर्षे झाली, तिने कधी काही मागितले नव्हते. म्हणाली, "मी गाणार. तुमाला नाय आवडलं तर नाय आवडलं. फक्त होळीला चारचौघांत मला हसू नका. हसलात तर मी डोळखांबला जाईन, परत नाय यायची."

किती छोटे मागणे! लोकांना ध्येयच नसते. मी मोठ्या मनाने शब्द दिला.

१ मार्च
अल्बम आला. घाटाकडे जाणारी प्रत्येक गाडी तोच वाजवत आमच्या वैशाखरे गावातून जाते. शेजारची बाईजा म्हातारी कोंबड्यांना दाणे टाकताना नम्रताचेच गाणे म्हणते. आज न्हाणीत माझ्याही तोंडून दोन ओळी निघाल्या. शत्रूचा अभ्यास असावा लागतो. दुपारपर्यंत सहा वेळा अभ्यास केला.

शेवटच्या कडव्यात ती आवाज वर नेते आणि तिथेच ठेवते. हे तिला कोणी शिकवले? मी तर नाही.

(याचा उल्लेख कुठे करायचा नाही.)

१२ मार्च
आज 'खुंटा' रिलीज. स्वखर्चाने मोठा पडदा आणि प्रोजेक्टर आणला, होळीच्या माळावर. घरोघर आमंत्रण. 'कार्टून हाय' म्हणून बाईजाने नातवंडे पुढच्या सतरंजीवर बसवली आहेत. साईनाथ आणि नम्रताला मुद्दाम पहिली रांग दिली. कला म्हणजे काय ते कळू दे. प्रास्ताविकाचा शेवट ठरला आहे: "आज तुम्ही मला माझ्या खऱ्या रूपात पाहाल."

१३ मार्च, सकाळ
फिल्म निराशाजनक. मांडणीत दोष आहेत.

मी रेडा आहे.

खुंट्याला बांधलेला रेडा माझे म्हशाचे भाषण शब्दन् शब्द करतो. बाकीचे रेडे शेण टाकतात. तो 'उठा!' म्हणतो तेव्हा पाठीवरचा बगळा तेवढा उठतो. मग गुरांचा डॉक्टर रेडा बडवायला, म्हणजे खच्ची करायला, चिमटा घेऊन मागून येतो. रेड्याचे लक्ष भाषणात. किंकाळी तिथे वापरली आहे. पुढे फिल्मभर रेडा बोलतच राहतो, पण मशीनने माझा आवाज पातळ केला आहे.

बाईजाने नातवंडांचे डोळे झाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "भगीरथचाच आवाज हाय गो! पयला पण, नंतरचा पण."

माळ हसून लोळला. साईनाथला ठसका लागला. फक्त नम्रता हसली नाही. तिला विनोद कळत नाही.

१४ मार्च, धुळवड
काल होळी पेटली. आमच्याकडे होळीभोवती नावे घेऊन बोंब मारतात, पुढाऱ्यांच्या, कंजूष माणसांच्या. पहिली बोंब माझ्या नावाने मारली. पातळ आवाजात. मग पोरे रांगेने येऊन माझ्यासमोर 'उठा!' म्हणू लागली.

समाजाला दिशा देणे भाग होते. तिकडे साईनाथने स्पीकर लावले होते. नम्रता हिरवी साडी नेसून माइकसमोर उभी, घशावर हात. मी पुढे होऊन माइक घेतला आणि म्हणालो, "काल रेडा ऐकलात ना? आता त्याची म्हैस ऐका!"

काय हशा झाला! माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा. मीही हसलो. नम्रताकडे बोट दाखवून हसलो. लोक माझ्याबरोबर हसत होते, हे नीट नोंदवून ठेवतो.

मग का कोण जाणे, थांबले. बाईजा म्हणाली, "माइक दे रे तिला. तुजा बडवून झालाय."

नम्रता गायली. सगळा गाव बरोबर गात होता. अभ्यास झाल्यामुळे मलाही शब्द येत होते.

आज सकाळी टेम्पोत डीजेची खोकी, वर तिची बॅग. मी दारात उभा राहून विनोदाचे समाजातील स्थान समजावू लागलो. साईनाथने स्टार्टर मारला. "बोला दाजी, तुमी बोला. आमाला टाइम नाय." तिने मागे पाहिले नाही. उन्हामुळे असेल.

१६ मार्च
धोरण ठरले. आपण फोन करायचा नाही. रंगपंचमीपर्यंत ती येईलच. तिला माफ करण्याचे भाषण लिहिले. सुरुवात जरा लांबली आहे. भात करपला. तांदळात दोष.

१९ मार्च, रंगपंचमी
आली नाही. शहापूरला तिचा कार्यक्रम आहे म्हणे. बॅनरवर तिचे नाव माहेरच्या आडनावाने. बाईजाला विचारले, तिचा काही निरोप? "तुला कशाला देल निरोप? मला देते." काय आहे, ते सांगेना.

फोन केला. तिने कॉलर ट्यून स्वतःच्याच गाण्याची लावली आहे. वाजते आणि आवाज वर जाण्याआधी तुटते. परत केला. परत तिथेच तुटली. माफीचे भाषण फाडून दुसरे लिहायला घेतले, माफी मागायचे. एक ओळ झाली, ती खोडली.

नम्रता, फोन उचल.