बंदूक खाली!

हुबळी, डिसेंबर २००४

प्रिय लक्ष्मणा,

तुला आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला वेगवेगळे आशीर्वाद. अश्विनीच्या लग्नाची खरेदी जोरात असेल आणि तुझी बायको तुला त्यातून लांब ठेवत असेल, असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. तुझ्या दाजींचा खोकला गेला, भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आहे, आणि गेल्या रविवारी मी एका मोठ्या माणसाला रायफल क्लबात सगळ्यांदेखत मागच्या बाकावर बसवलं.

उणकलच्या पुढचा आमचा क्लब तुला ठाऊक आहे. मी तिथे वजन उतरवायला गेले (ते उतरलं नाही), पण नेम बसला, आणि आता रविवारी नेमबाजांच्या रांगेवर हुकूम द्यायचं काम माझ्याकडे आहे. कारण माझा आवाज भोंग्याशिवाय शेवटच्या टार्गेटपर्यंत जातो (डब्यापातेल्यांच्या खडखडाटावर बोलण्यात जन्म गेला, त्याचा उपयोग).

तर त्या दिवशी अध्यक्षांनी अळणावरचे एक लाकूडव्यापारी पाहुणे म्हणून आणले. मिशा भरघोस, बूट नवे. कुणीतरी भरून दिलेली रायफल घेऊन ते रांगेत उभे राहिले, तेवढ्यात मागून कुणीतरी फोटोसाठी हाक मारली, आणि हे गृहस्थ बंदुकीसकट वळले की रे! नळी थेट बाकावरच्या बायकांकडे, बोट चापावर, चेहरा हसरा. मी ओरडले, "निल्सरी! थांबा सगळे! बंदूक खाली!" बाकी सगळ्यांनी रायफली ठेवल्या आणि मागे सरकले. हे मात्र हसतच म्हणाले, "खालीच आहे की, अक्का!"

(कानडी मुलखातल्या मराठीचा घात बघ. मी जमिनीचं बोलतेय, ते रिकामीचं.)

मी बाजूनं गेले, नळी धरून टार्गेटकडे वळवली आणि हळू आवाजात म्हटलं, "बोट काढा." त्यांनी काढलं. मी बोल्ट ओढला, तर जिवंत गोळी टणकन फरशीवर पडली. मिशांसकट चेहरा पांढरा झाला. अध्यक्ष म्हणाले, "जाऊ द्या इंदुमतीबाई, पाहुणे आहेत." मी म्हटलं, "गोळीला पाहुणा कळत नाही. नियम शिकेपर्यंत यांनी बंदुकीला हात लावायचा नाही." गृहस्थांनी हात जोडले, "चुकलं, अक्का," म्हणाले आणि निमूट मागच्या बाकावर जाऊन बसले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला कॉलर असती तर ताठ केली असती.

तुझी,
इंदूताई

ता. क. : त्या गृहस्थांचं नाव लिहायचं राहिलं. प्रभंजनराव. होय, तेच, आपल्या अश्विनीचे होणारे सासरे. साखरपुड्याच्या वेळी मी काविळीनं झोपून होते, मला चेहरा कसा ठाऊक असणार? घाबरू नकोस, लग्न मोडलेलं नाही. बुधवारी ते आपणहून आले, सगळे नियम शिकले, आणि मी घेतलेल्या परीक्षेत पास झाले.

ता. क. दुसरा : वरातीत हवेत बार काढायला तू दुनळी तेलपाणी करून ठेवली आहेस, हे तुझ्या बायकोनं फोनवर सांगितलं. खरं म्हणजे हे पत्र त्यासाठीच. ती दुनळी कुलपात ठेव आणि येत्या रविवारी इकडे ये. नव्या लोकांना नियम शिकवायला प्रभंजनराव स्वतः उभे राहणार आहेत. पहिला विद्यार्थी म्हणून मी तुझं नाव दिलंय. व्याह्यांच्या पहिल्याच वर्गाला दांडी मारू नकोस, बरं दिसणार नाही.