कानात ठेवलेली नावं

ता. ९ डिसेंबर, सोमवार

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. वहिनीला आठवण काढते म्हणून सांग, पोरांना आशीर्वाद.

तुझं पार्सल ३० तारखेच्या शनिवारी पोचलं. मधाची बाटली, दोन टोपल्या, आईने शिवलेली गोधडी. बाटलीचं बूच सैल होतं, त्यामुळे थोडा मध टोपल्यांनीच खाल्ला. तू तिकिटं कमी लावलीस. पोस्टमनने दारात उभं राहून दुप्पट पैसे वसूल केले, दोन दिवसांचं दूध त्यात गेलं. पुढल्या वेळी वजन करून घेत जा रे.

इकडे ठीक. थंडीने ह्यांचे गुडघे धरलेत. माझी पूजा, उपास चालू आहेत.

टोपलीच्या तळाशी तुझी चिठ्ठी आणि नोटिशीची नक्कल मिळाली. वाचली आणि धुणं वाळत घातलं. परत वाचली आणि भांडी घासली. आता घासायलाही काही उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी हसूच आलं. दाव्याच्या चौकशीला आलेल्या साहेबाने आईला सासऱ्यांचं नाव विचारलं आणि आई म्हणाली, "वाकडा दगड." त्यांच्या वडिलांचं विचारलं तर, "ओढ्याकडचा दगड." कारकुनाने बिचाऱ्याने इमानाने तेच रकान्यात उतरवलं! गेलेल्या माणसाचं नाव आपण तोंडाने घेत नाही, टेकडीवरच्या त्याच्या दगडावरून ओळखतो, हे त्याला कुठून कळणार? पण खाली लिहिलंय की पूर्वजांची नावं पटत नाहीत, आणि महिनाअखेरच्या सुनावणीत पटवली नाहीत तर टेकडीवरचा आपला दावा फेटाळला जाईल. मग ती खाणवाल्याची. तिथे हसू आटलं.

बुधवारी कुणाला न सांगता, भाजीच्या पिशवीत नोटीस घालून इथल्या आदिवासी हक्कांच्या कचेरीत गेले. अधिकारी बाईच होत्या, माझ्याच वयाच्या, पुढ्यात फायलींची भिंत.

"बाई, कायदा तुमच्या बाजूचा आहे," त्या म्हणाल्या. "दगडसुद्धा आम्ही पुरावा धरतो, नियमात छापलंय. पण कुठला दगड कुणाचा, ते कुणीतरी सांगायला हवं."

"लिहून दिलं तर?"

"समितीपुढे मोठ्याने वाचावं लागेल. खाणवाल्याने हरकत घेतलीय, त्यालाही ऐकू जायला हवं ना."

"पण आमच्यात गेलेल्यांची नावं घेत नाहीत."

त्यांनी चष्मा काढला. "दर आठवड्याला कुणीतरी हेच सांगतं हो. कुणाला देवाची जागा परक्याला दाखवता येत नाही, कुणाला गाणं ऐकवता येत नाही. मी वर लिहिते. वरून उत्तर येतं, मुद्दा विचाराधीन आहे. इतका विचार मी लग्न ठरवतानाही केला नव्हता." मग म्हणाल्या, "चहा घ्या."

"उपास आहे."

"मग पाणी तरी घ्या. या कचेरीत तेवढंच वेळेवर मिळतं."

भल्या बाई आहेत, पण थकल्यात. मीही थकले रे.

तू चिठ्ठीत सरळ काही मागितलं नाहीस. नुसतं लिहिलंस, 'बाबांनी नावं तुझ्या कानात ठेवली.' ठेवली खरी. शेवटच्या आजारात त्यांचे ओठ हलले, मला वाटलं पाणी मागताहेत, म्हणून वाकले. सात जणांची नावं, थोरल्यापासून. ती पुढच्या कानात ठेवायची, हवेत सोडायची नाहीत. सोडणाऱ्याला घरात घेत नाहीत. आत्याने एकदा भांडणाच्या तिरीमिरीत एकच नाव घेतलं होतं. पुढे मरेपर्यंत तिचं ताट आणि अंथरूण अंगणात. ताट नेऊन द्यायचं काम माझं होतं. ताट ठेवून मी पळायचे आणि ती हाक मारायची, "अगं, दोन शब्द तरी बोल."

देवापुढे बसून विचारलं. त्याच्याहीकडे फायली साठल्या असतील, उत्तर नाही आलं. पण टेकडी गेली तर दगड फुटतील. मग माझ्या कानात नुसती नावं राहतील आणि त्यांच्याखाली माणसं नसतील. म्हणून मी येते. सुनावणीच्या दिवशी सकाळच्या गाडीने, सरळ तिकडच्या कचेरीत. सातही नावं घेईन. ह्यांना सांगितलं. "गुडघे चालले तर मीही येतो, नाही चालले तरी येतो," म्हणाले.

आता एकच विचारायचं राहिलं. आईने गोधडी पाठवली, निरोप मात्र काही नाही. काल उलगडली. तिने एवढी जाड गोधडी कधी शिवली नव्हती. आपल्या घरात चुलीच्या उबेला झोपणाऱ्याला इतकी लागत नाही. आणि खालच्या अंगाला तिने मेणकापड लावलंय, दवाची ओल वर येऊ नये असं.

तिला विचार. मी समजले ते बरोबर असेल तर गोधडी सोबत घेऊन येते. आणि जेव्हा ताट बाहेर येईल तेव्हा ते आणणाऱ्या पोराला म्हणावं, पळू नकोस.

उलट टपाली कळव. तिकिटं पुरेशी लाव.

तुझी,
सुनावणीपर्यंत तरी घरातली,
बहीण