उपासाला चालणारी गोळी

११ नोव्हेंबर १९५९, एकादशी
मालक कृष्णराव यांच्या आईसाहेबांचं डोकं दुखत होतं. आपल्याच कारखान्यातली गोळी नेऊन दिली. तोंडात टाकल्यावर त्यांनी विचारलं, यात काय काय असतं? केमिस्टने खोटं बोलू नये. सांगितलं, औषध थोडं, बाकी मक्याचं स्टार्च, डिंक, टाल्क. मका म्हणजे धान्य! गोळी तोंडातून काढून माझ्या हातावर ठेवली. तेही मालकांदेखत. प्रोडक्शन इन्चार्जची जागा नेमकी आत्ताच रिकामी आहे.

१२ नोव्हेंबर
संकल्प : उपासाची गोळी. पुढच्या एकादशीला आईसाहेबांची डोकेदुखी थांबणार, खुर्ची माझी.
शेजारच्या टेबलावरचा हरी त्याच्या इथल्या हिंदीत म्हणाला, भिया, मक्याच्या जागी साबुदाण्याचं स्टार्च डाल दो, काम खतम. त्याचाही खुर्चीवर डोळा आहे. म्हटलं, औषध सोडून बाकी सगळी नुसती भरती. मी शुद्ध गोळी देणार.

१६ नोव्हेंबर
स्टार्च बाद, डिंक बाद, टाल्क बाद. गोळी मशीनच्या साच्याला चिकटली. मशीन जुनं आहे.

१७ नोव्हेंबर
टाल्क परत घेतला. दगडाची पूड आहे, धान्य नव्हे. ही माघार नाही.

१९ नोव्हेंबर
गोळ्या सुटल्या! दुपारी बाटलीत भरल्या. संध्याकाळी बाटलीत चूर्ण. हरी दात काढत होता.

२१ नोव्हेंबर
डिंक उपासाला चालतो. चौपट घातला. गोळी टेबलावरून पडली ती टणकन उडून खिडकीबाहेर. याला म्हणतात क्वालिटी. हरी म्हणाला, पानी में डालके तो देखो. टाकली. पोहे-जलेबी खाऊन आलो, गोळी होती तशीच. पाणी जड असावं.

२५ नोव्हेंबर
खजराण्याच्या गणपतीला नारळ. कुमुदिनीने माहेरी कळवूनही टाकलं की हे इन्चार्ज झाले. बायकांना धीर नसतो. मी मात्र नवा कोट शिवायला टाकला आहे.

२६ नोव्हेंबर, एकादशी
आईसाहेबांनी गोळी घेतली, तोंडभर आशीर्वाद दिला.
दुपारी निरोप : डोकं तसंच. कळवलं, शुद्ध औषध सावकाश लागू पडतं.
संध्याकाळी निरोप : आता पोटही.

२७ नोव्हेंबर
आईसाहेबांनी उपास सोडून मक्याची जुनी गोळी घेतली. थोड्याच वेळात बऱ्या झाल्या, आणि माझी चौकशी केली. कृष्णरावांनी बोलावून सांगितलं, अच्युतराव, स्टार्च पोटात फुगतं, गोळी फोडतं, तेव्हा कुठे औषध बाहेर पडतं. कॉलेजमध्ये शिकवलं नाही का?
शिकवलं असेल. पहिल्याच तासाला बाकीचे घटक निष्क्रिय असतात असं सर म्हणाले, म्हणून पुढच्या तासांना मी बसलो नव्हतो.
खुर्ची हरीला. साबुदाण्याची गोळी तोच करणार. फार वाईट वाटलं.

रात्री
डोकं भयंकर ठणकतंय. घरात फक्त माझ्याच गोळ्या आहेत. कुमुदिनी मघापासून खलबत्त्यात कुटते आहे. अजून फुटलेली नाही.